कालचा फोटो, आजचा फोटो

अंडी पहिल्यांदा दिसली तेव्हा मला वाटलं, काचेच्या टाकीत कोणीतरी साबुदाणा सांडला. माघातली सकाळ होती, रविवार होता. मी हॉलमधला दिवा लावून टाकीवरचं फडकं काढलं, तर पाण्यातल्या हिरव्या पाल्याला, काचेला, दगडाला, जिथं तिथं पारदर्शक मणी चिकटलेले. प्रत्येक मण्यात एक काळा ठिपका. खाली तळाशी ती पांढरी मादी बसली होती. तिच्या तोंडाची ठेवणच अशी की ती कायम हसतेय असं वाटतं. उपाशी असली तरी हसते, आजारी पडली तरी हसते. मला ते हसू पहिल्यापासून आवडलेलं नाही.

हे प्राणी माझ्या मुलीचे. ॲक्सोलॉटल म्हणतात त्यांना. चार पाय, शेपूट, मानेभोवती लाल झालरीसारखे कल्ले. बेडकाच्या नात्यातलाच जीव, पण हा जन्मभर पाण्यातच राहतो आणि मोठा म्हणून होतच नाही. अंडी घालायच्या वयाला आला तरी रूप पोराचंच. दहावीच्या सुट्टीत आमच्या नांदेडातल्याच, शोभेचे मासे विकणाऱ्या एका मासेवाल्याकडून तिनं ही जोडी आणली होती. मी चार दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

पुढे बारावीनंतर डॉक्टरकीची परीक्षा तिची थोडक्यात हुकली आणि आम्ही तिला आणखी एका वर्षासाठी लातूरला ठेवलं. लातूरला पोरगी ठेवली म्हणजे आईबापानं आपल्याकडून काही कमी केलं नाही, असं आमच्याकडे धरतात. "मम्मी, मला न्हाई जायचं," असं ती एकदाच म्हणाली होती. मी म्हटलं, "न्हाई कशाला? सगळ्यात चांगलं तिथंच हाय." विषय संपला. माझ्यापुढे विषय लवकर संपतात. पंचवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते मी, पोरं मला टरकून असतात. कोणी कोणाची वही उतरवलीय हे मी एका नजरेत सांगते, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

दिवाळीनंतर मुलीनं बोलणंच सोडलं. फोन केला की "हं", "जेवले", "ठेवते". वडिलांशी तेवढंही नाही. ते रेल्वेच्या ऑफिसात, मुळातच कमी बोलणारे; त्यांनी मनाला लावून घेतलं आणि गप्प बसले. मी गप्प बसणारी नाही. मी रागावले, भांडले, एकदा फोनवर रडलेसुद्धा. शेवटी अट घातली. बोलू नको, पण रोज संध्याकाळी आठला जेवायला बसलीस की तुझा एक फोटो पाठव. ती पाठवायला लागली. पुढ्यात डबा, चेहऱ्यावर थोडंसं हसू. मी अंगठा पाठवायचे. आमचं आई-लेकीचं एवढंच चाललं होतं.

म्हणून त्या रविवारी मी अंड्यांचा फोटो काढून पाठवला तो निव्वळ चिडून. तुझ्या जनावरांनी बघ काय घाण करून ठेवलीय, असं खाली लिहिलं. मिनिटभरात फोन वाजला. तिनं स्वतःहून केलेला, तीन महिन्यांनी.

"मम्मी, हात लावू नको! आधी सांग, ठिपके काळे हायत का पांढरे?"

"काळे."

"सगळे?"

वीस मिनिटं बोलली ती. कात्रीनं पाला कापून अंडी वेगळी काढ. लवकर काढ, न्हाईतर आईबापच खातात. जेवणाच्या पारदर्शक डब्यात टाकीचंच पाणी घे आणि घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेव. रोज दुपारी एकला मला फोटो पाठव. मी सगळं वहीत लिहून घेतलं, एखाद्या हुशार पोरीसारखं. मी पाला कापत होते तेवढ्यात त्या मादीनं माझ्या डोळ्यांदेखत स्वतःची तीन अंडी गिळली आणि परत हसत बसली.

बावन्न अंडी निघाली. दोन डबे भरले आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवले, तिथं ऊन कधीच येत नाही.

मी अर्धापूरकडच्या केळीच्या मळ्यात वाढलेली. घरी कोंबड्या होत्या. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की सातव्या दिवशी माझी आई एकेक अंडं मुठीत धरून कौलातून येणाऱ्या उन्हाच्या कवडशापुढे न्यायची. आत लाल रेषा दिसल्या तर अंड्यानं जीव धरला. नाही दिसल्या तर अंडं वांझ. तेव्हा अंडी बघण्यात मला कोणी काही शिकवायची गरज नाही असं वाटत होतं. पण कोंबडीच्या अंड्याला कवच असतं, दृष्टीआड सगळं चालतं. इथं आडपडदाच नव्हता. शाळेतलं भिंग आणलं, खालून मोबाइलचा दिवा धरला आणि बघितलं तर काळ्या गोळीवर मधोमध चीर पडलेली. दोन भाग. दोन तासांनी बघितलं तर चार. संध्याकाळपर्यंत मोजता येईनात. एवढं सगळं चाललेलं आणि आवाज कसला तो नाही. मी डब्यावर रुमाल टाकला.

"चांगलं हाय की वाईट, ते कसं कळायचं?" मी तिला विचारलं.

"चांगल्याची वरची बाजू काळी, गुळगुळीत असते. भोवतीचा मणी काचेसारखा स्वच्छ. मेलेलं गढूळ होतं, पांढरं पडतं, फुगतं, मग त्याच्यावर केस येतात. बुरशीचे. पण मम्मी, पांढरं पडायला वेळ लागतो. मरतं ते आधीच."

"मग आधी कसं ओळखायचं?"

"कालचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेव. जित्या अंड्यात रोज काहीतरी बदललेलं असतंय. जे कालसारखंच हाय, ते गेलं."

हे ती अगदी सपाट आवाजात म्हणाली. पुढे म्हणाली, "पण एका दिवसावर ठरवू नको. दोन दिवस बघ. घाईत जितं काढशील."

पाच दिवस आमच्या घरात सण होता. चौथ्या दिवशी गोळ्या लांबट झाल्या, घेवड्याच्या दाण्यासारख्या. पाचव्या दिवशी पाठीवर एक घळ दिसली, आणि डोकं कुठलं, शेपूट कुठलं, हे मलाही ओळखता यायला लागलं. मुलगी फोनवर बोलायची. हसायचीही. एकदा तर म्हणाली, "मम्मी, तू लई भारी करून राहिलीस." मी शाळेतून अक्षरशः पळत घरी यायचे. नवरा म्हणाला, "तू त्या डब्यांच्या किती नादी लागून राहिलीस!" मी म्हटलं, "पोरगी बोलून राहिली ना? मग मी डायनासोरची अंडी पण उबवीन."

सहाव्या दिवशी पाणी बदलायचं होतं. ती म्हणाली होती, नळाचं पाणी तसंच घालू नको, त्यात औषध असतं. रात्रभर भरून ठेव आणि मग घाल. आमच्याकडे रात्रभर पाणी भरून ठेवायचं म्हणजे कशात ठेवायचं, हा प्रश्नच कोणाला पडत नाही. माझ्या लग्नातली तांब्याची घागर आहे. देवाला तेच पाणी, आजाऱ्याला तेच, मुलगी तान्ही असताना तिलाही तेच पाजलं. मी ती घागर चिंच-मीठ लावून लखलखीत घासली. पाणी भरलं. सकाळी गार झालेलं ते पाणी वाटीवाटीनं दोन्ही डब्यांत सोडलं, आणि हात जोडले. खरंच जोडले.

सातव्या दिवशी मी दोन फोटो शेजारी ठेवले. काही बदल दिसेना. मला वाटलं, माझीच नजर. आठव्या दिवशी त्यांनी आत वळवळायला हवं होतं, मुलगी म्हणाली होती. मी अर्धा तास भिंग धरून बसले. बावन्न जीव बावन्न मण्यांत जिथल्या तिथं. खालून दिवा हलवला की सावली हलायची, आणि प्रत्येक वेळी मी परत भिंग धरायचे. नवव्या दिवशी पहिलं पांढरं पडलं. संध्याकाळपर्यंत अकरा. एखाद्यावर पांढरी लव आली होती आणि ती पाण्यात हलत होती. त्या डब्यात हलणारं तेवढंच होतं.

मी मुलीला सांगितलं, काही गेली, बाकीची ठीक.

"मेलेली लगेच काढ, मम्मी," ती म्हणाली. "एकापासून दुसऱ्याला लागतं."

दहाव्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर मी रिक्षा करून मासेवाल्याकडे गेले. डबा पदराखाली धरला होता. त्यानं डबा उजेडात धरला, वास घेतला आणि पाणी कुठलं घातलं म्हणून विचारलं. मी सांगितलं. कौतुकानंच सांगितलं असेल.

"तांबा?" तो म्हणाला. "काय केलं बाई हे. तांबा म्हंजे जहर हाय यांना. माशाच्या औषधात तांबा असतोय, ते देताना सुद्धा आम्ही घाबरतो. सगळे गेले हे. एक बी न्हाई वाचत आता."

मी घरी आले, डबे मोरीत रिकामे केले आणि नळ सोडून तिथंच उभी राहिले. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी घातलं होतं मी. रागवावं तर कोणावर, तेही कळेना.

पण एक वाजता फोटो जायला हवा होता आणि दीड वाजून गेला होता. मुलीचा निरोप आला: "फोटो?" मला काय वाटलं ते मी स्पष्टच सांगते. अंडी मेली हे कळलं की ती परत "हं"वर जाईल, आणि या वेळी मग कधीच परत येणार नाही. हे मला जिवंत गोष्टीसारखं समोर दिसत होतं. मी मोबाइलवर शोधलं, दहाव्या दिवसाच्या अंड्याचा कुठल्या परदेशी माणसानं टाकलेला फोटो उचलला आणि पाठवून दिला.

"छान," तिचं उत्तर आलं.

मग मी ते रोजच करायला लागले. बाराव्या दिवसाला बाराव्या दिवसाचं अंडं. कल्ले फुटलेले, डोळे आलेले. रिकामे डबे कोनाड्यात तसेच होते आणि मोबाइलमध्ये आमची पिल्लं वाढत होती. शेजारीण बघायला आली तर तिलाही मी तेच फोटो दाखवले. रात्री आठला मुलीचा फोटो यायचा, पुढ्यात डबा, थोडंसं हसू. मी अंगठा पाठवायचे. फोनवर मात्र ती परत येईनाशी झाली होती. अभ्यास आहे, म्हणायची. मीही फार आग्रह केला नाही, कारण बोलणं निघालं तर मला खोटं तोंडानं बोलावं लागलं असतं.

सोळाव्या दिवशी, सकाळची शाळा आटोपून आल्यावर, मी त्या दिवसाचं अंडं निवडायला बसले. कालच्यापेक्षा आजचं वेगळं दिसायला हवं, एवढी अक्कल मला आता आली होती. कालचा फोटो उघडला, आजचा उघडला, पुढे-मागे करून बघत होते. बोट जरा जास्त सरकलं आणि मुलीचा आदल्या रात्रीचा फोटो समोर आला. आणखी सरकलं, परवाचा आला. मी परत मागे गेले. परत पुढे.

तिच्या मागे खिळ्याला टॉवेल होता. टॉवेलला खाली एक घडी पडलेली. परवाही तीच घडी. डब्याचं झाकण तसंच कलतं. कपाळावर केसांची एक बट, डोळ्याला लागेल अशी. मी चार दिवसांपूर्वीचा फोटो काढला, पाच दिवसांपूर्वीचा, सहा दिवसांपूर्वीचा. बट तिथंच. हसू तेवढंच. बाटलीतलं पाणी तेवढंच. आठ फोटो होते, आठही रात्री मी अंगठा पाठवला होता, आणि तो एकच फोटो होता.

तिला फोन लावला. वाजला, उचलला नाही. परत लावला. परत. वसतिगृहाच्या मावशींना लावला.

"हाय की खोलीत," त्या म्हणाल्या. "दार लावून अभ्यास करून राहिली. सोबतची पोरगी गावाकडं गेली ना लग्नाला, आठ-धा दिवस झाले. डबा मी दाराशी ठेवते. कधी घेती, कधी न्हाई."

"क्लासला जाती का?"

"त्ये मला कसं कळंल बाई? इथं दोनशे पोरी हायत."

क्लासला गैरहजर राहिलं की घरी निरोप येतो. आम्हाला एकही आला नव्हता. नंतर कळलं, फॉर्मवर पालकांच्या जागी तिनं स्वतःचाच नंबर लिहिला होता.

नवऱ्याला फोनवर एवढंच म्हटलं, "मी लातूरला निघाले, तुम्ही मागून या." ते म्हणाले, "आलोच." मिळाली त्या एसटीत चढले. लोहा, अहमदपूर, चाकूर, तीच वाट. शेजारच्या बाईनं संत्र्याची फोड पुढे केली ती मी हातात धरून बसले. मधूनमधून फोन लावत होते, तो नुसता वाजत होता. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. फोटो काल रात्रीही आला होता. म्हणजे काल आठला तिचं बोट तरी हललं होतं. आज दुपारचं मात्र मला काहीच माहीत नव्हतं. एका स्टॉपवर बस बराच वेळ उभी राहिली. कंडक्टर चहा पीत होता. आयुष्यात कोणाचा इतका राग आला नसेल मला.

वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना बंद दारं. प्रत्येक दाराआडून पाठांतराची कुजबुज येत होती. वेगवेगळ्या पोरी, पण सूर एकच. तिच्या दारामागे मात्र काही नव्हतं. दाराशी सकाळचा डबा तसाच होता, झाकणावर मुंग्या. मी दार वाजवलं. नाव घेऊन हाक मारली. वर्गात मी एक हाक मारली की शेवटच्या बाकावरचं पोरगं ताठ होतं, आणि इथं माझा आवाज मलाच ऐकू येईना. मी परत वाजवलं. कुजबुज थांबली, दोन-चार दारं किलकिली झाली.

आत काहीतरी सरकलं. कडी निघाली.

खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली होती, त्यामुळे साडेपाच वाजता आत अंधार होता. ती उभी होती. केस गुंतून एकच झालेले, गाल आत गेलेले, अंगावर मी संक्रांतीला पाठवलेला कुर्ता, किती दिवसांचा कोण जाणे. मी तिचा दंड धरला. तो गरम होता. मी बराच वेळ धरून ठेवला, आणि ती धरू देत होती.

"आज फोटो आला न्हाई," ती म्हणाली.

मी दंड सोडला नाही.

"किती राहिलीत?" तिनं विचारलं.

खोटं तोंडाशी आलं होतं. तयारच होतं. पण मी म्हटलं, "एक बी न्हाई. मीच मारली. तांब्याच्या घागरीतलं पाणी घातलं. मला माहीतच नव्हतं गं."

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "परवाच्या फोटोत तर कोपऱ्यात एका गोऱ्या माणसाचा अंगठा होता."

मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. तिथं खाली फरशीवरच बसले मी. ती माझ्याशेजारी बसली.

"मग बोलली का न्हाईस?"

"तू पाठवायचं बंद केलं असतंस." ती नखानं फरशीवरची रेघ खरवडत होती. "एकला फोटो आला की मी उठून बसायची. आज मम्मीनं कुठून उचलला, ते बघायची. मग तोंड धुवायची. दिवसातलं तेवढंच व्हायचं माझ्याच्यानं."

"आणि आज मी इतके फोन केले, ते?"

"फोन वाजून राहिला होता आणि फोटो येत नव्हता. मला वाटलं, आता तू खरं सांगणार. सगळी मेली म्हणून. ते मला ऐकायचं नव्हतं."

तिचे वडील दिवेलागणीला पोचले. आम्ही तिचं सामान बांधलं नाही, नुसती तिला घेऊन निघालो. लातूरचं ते वर्ष तिथंच सोडून दिलं. दुसऱ्याच दिवशी नांदेडात डॉक्टर बघितला, मनाचा. लोक काय म्हणतील ते म्हणोत, म्हटलं, आणि लोकांनी म्हटलंही. औषधं चालू आहेत. ती आता बरी आहे, म्हणजे काही दिवस बरी असते आणि काही दिवस नसते, आणि नसली तर आता तसं सांगते. परीक्षेचं नाव आमच्या घरात निघत नाही. मी तिच्यावर ओरडते अजूनही, तीही उलट ओरडते.

फक्त एक गोष्ट मी विचारलेली नाही. त्या दिवशी एकला फोटो जायचा होता, आणि मी तो न पाठवताच बसमध्ये चढले. दोन वाजले, तीन वाजले, चार वाजले. साडेपाचला मी दार वाजवलं. मधले साडेचार तास ती त्या खोलीत काय करत होती, ते तिलाच माहीत. ती कधी स्वतःहून सांगायला लागली की मी काहीतरी काम काढून उठते.